लादीच्या तुकड्यांचे शंभर फुटी मनोरे

मागच्या अंकात गच्चीवरच्या चायना मोझॅकबद्दल, म्हणजे फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांच्या फरशीबद्दल लिहिलं होतं. फुटक्या लाद्यांचा वापर जगात आणखी कुठे झालाय ते सांगताना लॉस एंजेलिसमध्ये ‘वॉट्स टॉवर्स’ हे मनोरे बांधणाऱ्या सायमन रोडियाचं नाव एका ओळीत आलं, आणि पत्रं बहुतेक सगळी त्या एका ओळीवरच आली. गळतीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ, या वेळी फक्त रोडिया. बांधकामाच्या क्षेत्रात मला ज्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो त्यात हा माणूस फार वर आहे, त्यामुळे उत्तरं जरा लांबतील.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही भांडुपला राहतो. माझे मिस्टर लादी मिस्त्री, आता गुडघ्यांमुळे काम बंद आहे. गच्चीचं काम असलं की मीपण त्यांच्याबरोबर जायची, तुकडे निवडून रंगाप्रमाणे वेगवेगळ्या घमेल्यात टाकायचं काम माझं. तुम्ही लिहिलंत की अमेरिकेत एका मिस्त्रीने असल्याच तुकड्यांचे मनोरे बांधले. तो कोण होता, कुठला, शिकलेला होता का? मिस्टर म्हणतात नीट सगळं विचारून घे.

ताई, मिस्टरांना सांगा की तो त्यांच्याच लाइनमधला माणूस. खरं नाव साबातो रोडिया, जन्म १८७९ चा, दक्षिण इटलीत नेपल्सपासून आत डोंगराकडे सेरीनो म्हणून भाग आहे तिथल्या रिबोत्तोली गावचा. घरची गरिबी, शाळा जवळपास नाहीच. इटली १८६१ साली एक देश झाला पण दक्षिणेच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातून फारसं काही पडलं नाही, जमीन मोठ्या मालकांची, वर कर, आणि हातात काम नाही. मग माणसं बोटीत बसून निघाली. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत गेले आणि त्यातले बहुतेक दक्षिणेतलेच. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळजवळ लावून घेतलं तेव्हा कुठे हा ओघ आटला.

साबातो गेला तो १८९० च्या दशकात, पंधराएक वर्षांचा पोर असताना, भाऊ होता तिकडे पेनसिल्व्हेनियात. कोळशाच्या खाणींचा मुलूख. तो भाऊ खाणीतल्या अपघातात गेला. त्या काळच्या खाणीत असे मृत्यू रोजचेच होते, पण या पोराचं परक्या देशात जे एक घरचं माणूस होतं तेच गेलं. तो मग पश्चिमेकडे सरकत गेला, सिएटल, तिथे १९०२ मध्ये लग्न, मग ओकलंड, तीन मुलं, आणि १९१० च्या आसपास संसार मोडला. दारूही होती. रेल्वे, दगडखाणी, बांधकाम, जिथे मिळेल तिथे मजुरी केली आणि शेवटी सिमेंटकाम आणि लादीकाम यात हात बसला. चणीने अगदी लहान, उंची पाच फुटांच्या आतबाहेर. शेजारी त्याला सॅम म्हणायचे, सायमन हे नाव पेपरवाल्यांमुळे रूढ झालं.

१९२१ मध्ये वय बेचाळीस असताना त्याने लॉस एंजेलिसजवळच्या वॉट्स या गावात एक त्रिकोणी तुकडा घेतला, पूर्व १०७ वी स्ट्रीट, एका अंगाला ट्रामसारख्या रेल्वेचे रूळ. वॉट्स १९२६ मध्ये लॉस एंजेलिस शहरात सामील झालं. मेक्सिकन, काळे, जपानी, गोरे, सगळ्या तऱ्हेचे कामकरी लोक शेजारी. स्वस्तातली, कुणाला नको असलेली जागा होती म्हणून याला परवडली. तिथे त्याने एक छोटं घर केलं आणि उरलेल्या जागेत काम सुरू केलं ते १९५४ पर्यंत. दिवसा दुसऱ्याच्या साइटवर मजुरी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं काम, अशी तेहेतीस वर्षं. एकूण सतरा रचना आहेत, तीन मोठे मनोरे, त्यातला सर्वात उंच साडेनव्व्याण्णव फूट, शिवाय कारंजी, लतामंडप, बसायची बाकं, एक जहाज आणि भोवती भिंत. सगळं एकट्याने. मदतनीस का नाही घेतला असं लोकांनी विचारलं तर सांगायचा की पगार द्यायला पैसे नव्हते, आणि काय करायचं ते दुसऱ्याला सांगणार तरी कसं, ते मलाच अर्ध्या वेळा माहीत नसायचं.

आणि तुकडे निवडायचं तुमचं जे काम होतं ना, ते तिकडे आळीतली पोरं करायची. फुटक्या बशा, बाटल्या, लाद्या गोळा करून याला आणून द्यायची. हिरवी काच सेव्हन-अपच्या बाटल्यांची, निळी काच मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या औषधाच्या बाटल्यांची. शिंपले तर हजारोंनी. मालिबू पॉटरीज हा त्या काळचा तिथला नावाजलेला लादी कारखाना, त्याच्या रंगीत लाद्याही त्यात आहेत. कपांचे कान, किटलीच्या तोट्या, तबकांच्या कडा, सगळं जसंच्या तसं मालात बसवलंय. ओल्या मालावर त्याने आपल्या हातोडीचे ठसे उमटवलेत, नळाची गोल चावी दाबून फुलासारखी नक्षी केलीय, मक्याची कणसं दाबलीत. आणि एका ठिकाणी सगळी हत्यारं ओळीने मांडून त्यांची छाप घेतलीय, हे बघा मी यानेच केलं असं सांगितल्यासारखी. मिस्टरांना त्याचा फोटो जरूर दाखवा, कुणीतरी नेटवरून काढून देईल.

प्रश्न : मी ठाण्याच्या कॉलेजात सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शंभर फूट उंच स्ट्रक्चर ड्रॉइंगशिवाय, वेल्डिंगशिवाय, परांचीशिवाय? सरांना विचारलं तर ते म्हणाले अतिशयोक्ती असेल. मॅडम, खरं काय?

खरं आहे. आणि तुला हे नीट समजून घ्यायला हवं कारण तू पुढे साइटवर जाणारेस.

आधी सांगाडा. रोडियाकडे वेल्डिंग मशीन नव्हतं, बोल्ट-रिव्हेटही नाहीत. पाइप, अँगल, टी, सळया, जुन्या पलंगाच्या फ्रेम्स, जे मिळेल ते पोलाद. दोन तुकडे जोडायचे तर एकावर एक सरकवून ठेवायचे, तारेने गच्च आवळायचे, त्यावर जाळी गुंडाळायची आणि मग हाताने सिमेंटचा माल दाबून भरायचा. माल ओला असतानाच वरून तुकडे. म्हणजे आपण सळयांना लॅप देऊन बाइंडिंग वायर मारतो तेच तत्त्व, फक्त इथे प्रत्येक सांधा सुटा सुटा बांधून लगेच मालाने बंद केलेला. याला आज आपण फेरोसिमेंट म्हणू. महाराष्ट्रात त्याच्या पाण्याच्या टाक्या तू पाहिल्या असशील, पातळ अंग, आत जाळीच जाळी, आणि तरी ताकद भरपूर. इटलीचाच मोठा इंजिनिअर पिएर लुइजी नेर्वी याने चाळीसच्या दशकात फेरोसिमेंटवर शास्त्रशुद्ध काम केलं आणि पुढे त्यातून मोठमोठी छतं उभारली. रोडियाने तोवर आपले मनोरे हाताच्या अंदाजावर वीस वर्षं चढवत आणले होते.

पोलाद वाकवायचं कसं? घराशेजारचे रूळ होते ना, त्याखाली सळईचं टोक अडकवायचं आणि दुसरीकडून अंगाचा जोर. रूळ हेच त्याचं बेंडिंग मशीन. परांची नव्हती ती अशी की मनोराच त्याची परांची होता. कड्यांवर कडी चढत गेलीय, खालची कडी पक्की झाली की तिच्यावर पाय ठेवून वरची बांधायची. कमरेला उंच इमारतींच्या काचा पुसणारे बांधतात तसला पट्टा, एका हाताला मालाची बादली, खिशात तुकडे. या पद्धतीत एक मोठा गुण आहे जो पुस्तकात पटकन सापडत नाही. आदल्या दिवशीच्या कामावर स्वतःचं वजन टाकून तो दुसऱ्या दिवशी उभा राहायचा, म्हणजे रोजच्या रोज टेस्टिंग, आणि टेस्ट करणारा तोच, पडला तर तोच पडणार.

आकारही बघ. मनोरे भरीव नाहीत, जाळीदार आहेत, आरपार वारा जातो, त्यामुळे वाऱ्याचा जोर घ्यायला पृष्ठभागच कमी. वर निमुळते होत जातात. आडव्या कड्या आणि उभे खांब यांना तिरके आणि कमानदार दुवे जोडलेत, सगळ्या भागांचे एकमेकांना हात धरलेले. पाया अगदी उथळ आहे. आपल्याला शिकवलेल्या कुठल्याही नियमात तो बसवायचा म्हटलं तर घाम फुटेल. पण १९३३ मध्ये काम चालू असताना लाँग बीचचा ६.४ रिश्टरचा भूकंप झाला, १९९४ मध्ये नॉर्थरिजचा ६.७ चा झाला, मनोरे उभे आहेत. १९९४ ला इजा झाली, दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होते आणि २००१ मध्ये परत खुले केले, पण पडले नाहीत.

दोष नाहीत असं मात्र समजू नकोस, तू इंजिनिअर होणार आहेस. सळईवरचं कव्हर, म्हणजे वरचा सिमेंटचा थर, खूप ठिकाणी पातळ आहे. दिवसा उन्हाने एक बाजू तापते, प्रसरण पावते आणि मनोरा उन्हापासून किंचित पलीकडे झुकतो, रात्री परत येतो. हे रोज होतं, त्यातून केसासारख्या भेगा, भेगांतून पाणी, पाण्याने गंज, गंजून सळई फुगली की वरचा माल सुटतो. अगदी आपल्या मुंबईतल्या छज्ज्यांचं दुखणं. तिथे वर्षानुवर्षं माणसं बसून एकेक भेग भरतायत आणि हे काम कधीच संपणार नाही. सरांना माझा नमस्कार सांग आणि लोड टेस्टचं खालचं उत्तर त्यांना वाचायला दे.

प्रश्न : आमची चाळ लालबागला आहे, आता सी-वनची, म्हणजे अतिधोकादायक इमारत असल्याची, नोटीस लागलीय. तुम्ही लिहिलंत की अमेरिकेतल्या पालिकेनेही ते मनोरे धोकादायक ठरवले होते पण लोकांनी वाचवले. कसे वाचवले? आम्हाला तसं काही करता येईल का?

आधी गोष्ट सांगते, मग तुमच्या चाळीबद्दल.

१९५५ मध्ये रोडियाने ती जागा सरळ शेजाऱ्याला देऊन टाकली, पैसे न घेता, आणि तो उत्तरेला मार्टिनेझ गावी बहिणीच्या आसऱ्याला निघून गेला. पुढच्याच वर्षी त्याचं घर आगीत गेलं. जागा आणखी एकाच्या हातात गेली. मालकांपैकी कुणी परवानगी मागायला गेलं तेव्हा बांधकाम खात्याचं लक्ष तिकडे वळलं, पाडायचा आदेश निघाला. म्हणणं असं की प्लॅन नाहीत, हिशेब नाही, कधीही कोसळतील. त्यांच्या जागी बसून बघितलं तर हे म्हणणं अगदी चूक नव्हतं, कागदावर काहीच नाही अशा शंभर फुटी वस्तूची जबाबदारी कोण घेणार?

१९५९ मध्ये निकोलस किंग नावाचा नट आणि विल्यम कार्टराइट नावाचा फिल्म एडिटर या दोन तरुणांनी मिळून ती जागा ३००० डॉलरला विकत घेतली. दोघंही बांधकामातले नाहीत. मग कमिटी झाली, सुनावण्या झाल्या, आणि त्यांच्या बाजूने उभा राहिला बड गोल्डस्टोन, विमान उद्योगातला इंजिनिअर. त्याने भाषणं करण्याऐवजी पालिकेला सांगितलं की आपण टेस्ट घेऊ, नापास झाले तर पाडा. १० ऑक्टोबर १९५९ ला ती टेस्ट झाली. उंच मनोऱ्याला केबल लावून आडवा ताण दिला, वादळी वाऱ्याचा जोर धरून दहा हजार पाउंड, म्हणजे साडेचार हजार किलोच्या आसपास. खाली लोकांची गर्दी. ताण वाढवत नेला तशी ताण देणाऱ्या यंत्रणेची पोलादी तुळईच वाकायला लागली. मनोरा जेमतेम हलला. तिथेच टेस्ट थांबवली आणि पाडायचा आदेश मागे घेतला. १९७५ मध्ये जागा शहराकडे आली, पुढे राज्याकडे गेली, १९९० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

आता तुमची चाळ. कृपा करून या गोष्टीवरून नोटीस फाडून टाकू नका. मनोऱ्यात कुणी राहत नव्हतं, तुमच्याकडे प्रत्येक खोलीत माणसं आहेत. तुम्ही करायचं ते एवढंच की गोल्डस्टोनने जे केलं त्याच वाटेने जायचं, म्हणजे मत नको, मोजमाप पाहिजे. तुमच्या बाजूने एक चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा, ऑडिट करून घ्या, लाकडी तुळया कुठे कुजल्यात, मोऱ्यांखाली काय झालंय, भिंतीतल्या लोखंडाची काय हालत आहे ते लेखी घ्या. पालिकेच्या आणि तुमच्या रिपोर्टात फरक पडला तर दोन्ही रिपोर्ट तांत्रिक समितीपुढे नेता येतात, तो हक्क तुमचा आहे, वापरा. पण समितीने पण धोकादायकच म्हटलं तर पावसाळ्याआधी बाहेर पडा. आणि बाहेर पडताना राहत्या जागेच्या हक्काचे कागद लेखी हातात घेतल्याशिवाय चावी देऊ नका, हे शंभरदा सांगेन.

प्रश्न : गिरगावातून लिहितोय. वाचून कौतुक वाटलं पण खरं सांगा, बायको-मुलं सोडून तेहेतीस वर्षं कचऱ्याचे मनोरे बांधायचे आणि शेवटी सगळं टाकून निघून जायचं, हे वेडच ना?

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि संसाराच्या बाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही. मुलं मोठी झाली ती बापाशिवाय. दारू सुटली, काम हाती घेतल्यावर सुटली असं तो स्वतः सांगायचा, पण तोवर घर मोडलेलं होतं.

वेडा मात्र मी म्हणणार नाही. शेजारचे काही म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धात तर अशीही अफवा होती की हे मनोरे जपान्यांना संदेश पाठवायला आहेत. पण वेड्याच्या हातून सांधा असा बसत नाही. त्याला विचारलं की म्हणायचा, काहीतरी मोठं करायचं मनात होतं, ते केलं. कोलंबस, मार्को पोलो यांच्यासारख्या माणसांचं त्याला फार वेड, तिथलं जहाजही त्यातूनच आलेलं. आणि आणखी एक धागा आहे जो मला फार पटतो. त्याच्या गावापासून फार लांब नसलेल्या नोला गावात दरवर्षी जूनमध्ये संत पाओलिनोचा उत्सव असतो, पंचवीस मीटर उंचीचे सजवलेले लाकडी मनोरे आणि त्यांच्यासोबत एक जहाज, शेकडो माणसं ते खांद्यावर घेऊन गल्ल्यांमधून नाचवत नेतात, शिमग्याला कोकणात पालखी नाचवतात ना तसंच, फक्त पालखीऐवजी आठ मजली मनोरा. पंधराव्या वर्षी गाव सुटलेल्या पोराच्या डोळ्यांत काय राहिलं असेल ते यावरून दिसतं. निमुळते जाळीदार मनोरे आणि मध्ये जहाज, दोन्हीकडे तेच. मनोऱ्यांवर त्याने नुएस्त्रो पुएब्लो अशी अक्षरं बसवलीत, स्पॅनिशमध्ये, शेजाऱ्यांच्या भाषेत, आपलं गाव म्हणून.

सोडून का गेला? वय पंच्याहत्तर झालं होतं, शंभर फुटांवर चढायचं वय नव्हे, आणि पोरं आता तुकडे आणून देण्याऐवजी दगड मारून काचा फोडायला लागली होती. कंटाळला. नंतर कमिटीची माणसं त्याला मार्टिनेझमध्ये शोधत गेली, पण वॉट्सला परत यायला तो तयार झाला नाही. १९६१ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात एका कार्यक्रमाला मात्र गेला, पडद्यावर मनोऱ्यांचे फोटो दाखवले आणि सगळं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. मला या माणसाच्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे लादी बसवणाऱ्यासाठी कुठलं सभागृह कधी उभं राहिलंय? बिल्डरचं नाव गेटवर, आर्किटेक्टचं नाव मासिकात, आणि ज्याने गुडघे झिजवून लेव्हल काढली त्याचं नाव वॉचमनच्या रजिस्टरमध्ये. भांडुपच्या ताईंच्या मिस्टरांनी किती गच्च्या केल्या असतील, त्यातल्या एकीवर तरी त्यांचं नाव आहे का?

जुलै १९६५ मध्ये रोडिया वारला. महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, पोलिसांच्या वागण्यावरून वॉट्स पेटलं, सहा दिवस जाळपोळ चालली, ३४ माणसं गेली. मनोऱ्यांना कुणी हात लावला नाही.

प्रश्न : मुलगी लॉस एंजेलिसला असते, आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. बघता येतील का? विलेपार्ले.

येतील की. मेट्रोची ए लाइन पकडा, १०३ स्ट्रीट वॉट्स टॉवर्स नावाचं स्टेशनच आहे, तिथून चालत जाता येतं. कुंपणाबाहेरून मनोरे चांगले दिसतात पण आत जायला गाइडेड टूर लागते आणि दुरुस्तीमुळे ती कधी चालू कधी बंद असते, म्हणून शेजारीच वॉट्स टॉवर्स आर्ट्स सेंटर आहे तिथे मुलीला आधी फोन करून विचारायला सांगा. सकाळी जा, ऊन तिरपं असताना हिरव्या-निळ्या काचा छान दिसतात. भिंतीच्या बाहेरच्या अंगावरची नक्षी घाईत सोडू नका, बरेच लोक वर बघत बघत ती विसरतात.

ज्यांना एवढ्या लांब जमणार नाही त्यांनी चंदीगडचं रॉक गार्डन बघावं. नेक चंद, फाळणीत घर गमावून आलेला, रस्ते खात्यातला इन्स्पेक्टर, त्याने वर्षानुवर्षं सरकारी जमिनीवर गुपचूप फुटक्या बांगड्या आणि लाद्यांची अख्खी नगरी उभी केली, १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन. पुढच्या अंकासाठी गळतीचे प्रश्न पाठवताना गच्ची किती जुनी, कोबा आहे की मोझॅक, आणि पाणी नेमकं कुठे टपकतं तेवढं नक्की लिहा, फोटो जोडलात तर उत्तम.